घडणावळीचे दागिने

ओटो क्युन्त्सली या स्विस सोनाराने १९८० साली एक बांगडी केली. काळ्या रबराची नळी गोल वळवून टोकं जोडलेली, आणि एका जागी ती नळी जराशी फुगलेली, कारण आत सोन्याची गोळी आहे. गोळी दिसत नाही. बांगडीचं नाव 'सोनं आंधळं करतं'. एवढंच काम आहे ते. पण काचेमागे ठेवलेली ती बांगडी बघितल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही, कारण आत खरंच सोनं आहे का हे बघायचं तर रबर कापावं लागणार, आणि रबर कापलं की बांगडी संपली, मग हातात उरणार नुसती एक गोळी, जिची किंमत कुठलाही सराफ काट्यावर ठेवून दोन मिनिटांत सांगेल. म्हणजे जी बाई ही बांगडी घालणार तिने करणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, आणि तिच्याकडे बघणाऱ्यांनी तिच्या शब्दावर. आणि हे वर्ष कुठलं, तर ज्या वर्षी जानेवारीत जगाच्या बाजारात सोनं औंसाला ८५० डॉलरवर जाऊन पोचलं होतं, तोवर कुणी एवढा भाव पाहिलाच नव्हता.

मला ती बघून लगेच बोरमाळ आठवली. लाखेची बोरमाळ ज्यांनी हातात घेतलीय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. वरून एकेक मणी बोरासारखा टपोरा, पिवळाधमक, पण सोन्याचा पत्रा इतका पातळ की आत काही नसेल तर बोटाच्या दाबाने चेपेल, म्हणून आत लाख भरलेली असते. थोडक्या सोन्यात गळा भरलेला दिसावा म्हणून कुणा सोनाराने कधीतरी काढलेली ही युक्ती, आणि केवढी हुशारीची. क्युन्त्सलीच्या बांगडीत बाहेर रबर आणि आत सोनं, आमच्या बोरमाळेत बाहेर सोनं आणि आत लाख. दोघांनाही माहितीय की माणूस वरचं बघतो. बोरमाळेच्या सोनाराने त्या बघण्याचा मान राखला, क्युन्त्सलीने तेच बघणं अडवलं.

मी मूळची कोल्हापूरची, गुजरीच्या, म्हणजे तिथल्या सराफ बाजाराच्या जवळचीच, त्यामुळे मोड म्हणजे काय हे लहानपणापासून बघितलेलं. कुणाचं लग्न ठरलं की घरातला एखादा जुना दागिना निघायचा आणि आई-मावशी तो रुमालात बांधून पेढीवर जायच्या. आधी वजन. मग कसोटीच्या काळ्या दगडावर घासून कस बघायचा, आता त्याऐवजी मशीन असतं. लाखेचा दागिना असला तर तापवून लाख आधी काढायची, तिचा तो जळका गोडसर वास मला अजून आठवतो, आणि लाखेचं वजन वजा. डागाचं, म्हणजे सांधे जोडायला लावलेल्या धातूचं, वजन वजा. खडे वेगळे. मग उरलेलं मुशीत, वर टाकणखार, फुंकणीने जाळ, आणि थोड्या वेळाने ज्या दागिन्याला नाव होतं, पाटली किंवा ठुशी किंवा गोठ, त्याचा एक लालसर चमकणारा थेंब झालेला असायचा, तो थंड झाला की पिवळा गठ्ठू. तो पुन्हा काट्यावर. हिशेब त्या गठ्ठूचा.

या सगळ्या हिशेबात घडणावळ कुठेच येत नाही. नवीन दागिना घेताना ती तुम्ही मोजून दिलेली असते, पावतीवर वेगळी ओळ असते तिची, बायका त्यावरून घासाघीस करतात, 'घडणावळ जास्त लावताय हो' म्हणतात. पण मोडीत द्यायला गेलात की घडणावळ शून्य. कुणीतरी चार-आठ दिवस वाकून बसून केलेले ते वेल, ते गोफाचे पेड, ती नखाएवढी फिरकी, त्या सगळ्याची किंमत मोडीच्या दिवशी शून्य असते. आणि मी ज्या दागिन्यांच्या नादाला लागलेय, ज्याला इकडे युरोपात कंटेम्पररी ज्वेलरी किंवा आर्ट ज्वेलरी म्हणतात, अंगावर घालायची शिल्पं म्हणा हवं तर, ते दागिने बरोबर याच्या उलट्या टोकाला उभे आहेत. त्यांच्यात जे काही आहे ते सगळं घडणावळीतच आहे. ॲल्युमिनियम, रबर, कागद, लाकूड, तार, मोडून काही मिळणारच नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी म्युनिकला राहते, आणि या गावात राहून हा नाद न लागणं अवघड आहे. दर वर्षी मार्चच्या सुमारास इथल्या हस्तकलेच्या मोठ्या जत्रेत 'श्मुक' नावाचं दागिन्यांचं प्रदर्शन भरतं, १९५९ पासून भरतंय, आणि ते निमित्त धरून गावभर, म्हणजे गॅलऱ्यांत, स्टुडिओत, कुणाच्या रिकाम्या दुकानात, जिन्याखाली, जगभरचे दागिने करणारे येऊन आपापलं काम मांडून बसतात. इथल्या कला अकादमीत आधी हेरमान युंगर आणि मग १९९१ पासून २०१४ पर्यंत क्युन्त्सली स्वतः शिकवायला होते, त्यामुळे त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज न्यूझीलंडपासून जपानपर्यंत आहेत. पिनाकोटेक डेर मोडेर्न या म्युझियममध्ये तर गोल जिन्याभोवती फक्त याच दागिन्यांसाठी एक जागा आहे, डॅनर रोटुंडा, २००४ साली उघडलेली. पण खरी मजा म्युझियममध्ये नाही, ट्राममध्ये आहे. मार्चमध्ये इथे अजून थंडी असते, सगळे गडद लोकरी कोटात, आणि त्या आठवड्यात प्रत्येक तिसऱ्या कोटावर ब्रोच, म्हणजे कपड्याला सुईने टोचायचा दागिना. कुणाच्या छातीवर पितळेचा दुमडलेला पत्रा, कुणाच्या खांद्यावर लाकडाचं काहीतरी तळहाताएवढं, एका आजोबांच्या कॉलरवर निळ्या प्लॅस्टिकचा गुच्छ. अनोळखी माणसं एकमेकांच्या जवळ येऊन वाकून बघतात आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

या मंडळींना ब्रोचच इतका का आवडतो हे मला आधी कळत नव्हतं, मग एका विद्यार्थिनीकडून मी स्वतः एक घेतला तेव्हा हळूहळू कळत गेलं. अंगठी बोटाच्या मापाची हवी, बांगडी मनगटाच्या, कानातलं हलकं हवं. ब्रोचला शरीराचं माप नाही, कोट हीच त्याची भिंत, म्हणून तो शिल्पाच्या सगळ्यात जवळचा. माझा ब्रोच लोखंडी पत्र्याचा, त्यावर पांढरं इनॅमल, जुन्या टमरेलावर असतं तसंच, आणि कडेला एका जागी इनॅमल मुद्दाम उडवून आतलं काळं लोखंड दाखवलेलं. समोरून बघितला तर शांत, जवळजवळ कोराच. पण उलटा करा. मागे दोन सुया, एक नाही, कारण पत्रा जड आहे आणि एका सुईवर तो पुढे झुकला असता, त्या दोन्ही सुया एकाच स्टीलच्या तारेच्या, मध्ये दोन वेढे देऊन तिला स्प्रिंगचा ताण दिलेला, आणि टोकं अडकवायच्या आकड्या पत्र्याच्याच कापून वळवलेल्या, डाग कुठेच नाही. ती मुलगी मला म्हणाली की परीक्षक आधी मागची बाजू बघतात. मला ते इतकं आवडलं. आपल्याकडे जाणत्या बायका काठापदराची साडी उलटी करून मागून बघतात ना, धागे कसे आहेत ते, त्याच नजरेने इथे ब्रोच उलटून बघतात.

डाग न देता दागिना करायचा हा हट्ट जुना आहे, आणि त्यात माझा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे अलेक्झांडर काल्डर. छताला टांगलेली, वाऱ्याने हळूहळू फिरणारी मोबाइल शिल्पं करणारा तो अमेरिकन. त्याने आयुष्यात सुमारे १,८०० दागिने केले हे फार जणांना ठाऊक नसतं. लहानपणी बहिणीच्या बाहुल्यांसाठी तो तांब्याच्या तारेच्या तुकड्यांचे दागिने करायचा, आणि मोठेपणीही पद्धत तीच राहिली, पितळेची नाहीतर चांदीची तार, हातोडीने ठोकून चपटी करायची, वळवून भोवरे करायचे, एकात एक अडकवायचे नाहीतर रिव्हेट मारायचा. सोनारकामाची झिलई नाही, पॉलिश नाही, हातोडीचे ठोके तसेच दिसतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याचा १९४० च्या आसपासचा एक पितळी हार आहे, नाव 'द जेलस हजबंड', संशयी नवरा. दोन्ही खांद्यांवर चढून बसणारा, पुढे टोकदार भोवरे असलेला, एखादीने घातला तर माणूस तिला मिठी मारायला धजणार नाही असा. नाव ऐकून हसू येतं, पण तो हार नुसता बघितला तरी हे कळतं की एवढं मोठं काम करणाऱ्या शिल्पकाराने इथे जागेचा, पोकळीचा, वजनाचा विचार तितक्याच गंभीरपणे केलाय जितका त्याच्या वीस फुटी कामात. फक्त इथे चौथरा म्हणून एका बाईचे खांदे आहेत, आणि ती हलते.

पेगी गुगनहाइम या कलासंग्राहक बाईची गोष्ट इथे सांगायलाच हवी. २० ऑक्टोबर १९४२ ला न्यूयॉर्कमध्ये तिने आपली गॅलरी उघडली, तेव्हा तिच्या एका कानात काल्डरने केलेला डूल होता आणि दुसऱ्या कानात इव्ह तांगी या चित्रकाराने केलेला, म्हणजे एका कानात ॲबस्ट्रॅक्ट, अमूर्त कला, आणि दुसऱ्यात सररिअलिस्ट, स्वप्नासारखी कला, आपण दोन्ही पंथांना सारखं मानतो हे दाखवायला. हा किस्सा सगळे गंमत म्हणून सांगतात. मला त्यात यापेक्षा जास्त काही दिसतं. तिला जे म्हणायचं होतं ते तिने भाषणात न म्हणता कानात घातलं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते वाचता आलं. दागिना बोलू शकतो, पुरेसं स्पष्ट बोलू शकतो, हे आपल्या बायकांना काय नवीन आहे, कपाळ, गळा, पायाची बोटं बघून समोरच्या बाईची अख्खी माहिती वाचणारा समाज आपला. पण काय बोलायचं ते पेगीने स्वतः ठरवलं होतं. हा फरक मला मोठा वाटतो.

हाच काल्डर १९५५ साली तिथल्या उद्योगपती घराण्यातल्या गीरा साराभाईंच्या निमंत्रणावरून अहमदाबादला आला होता, साराभाईंकडे राहून त्याने मोबाइल शिल्पं केली आणि थोडे दागिनेही. ठोकलेली तार, भोवरा, वेढा, हे सगळं आपल्या लोहारा-सोनारांच्या हातात पिढ्यान् पिढ्या असलेलं. तो तिथल्या बायकांच्या पायातले जाड चांदीचे वाळे बघत असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल असं माझ्या मनात नेहमी येतं.

साठच्या दशकात हॉलंडमध्ये जे झालं ते जरा जास्त रागाचं होतं. खैस बाकर आणि एमी फान लेरसम हे नवरा-बायको, दोघंही सोनारकाम रीतसर शिकलेले, आणि दोघांनाही सोन्याचांदीचा कंटाळा आलेला, कारण त्यांना दिसत होतं की दागिना म्हणजे नवऱ्याची ऐपत बायकोच्या गळ्यात, बाकी काही नाही. म्हणून त्यांनी ॲल्युमिनियम घेतलं. स्वस्त, हलकं, आणि हलकं असल्यामुळे मोठं करता येणारं. १९६७ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये मॉडेल्स त्यांचे दागिने घालून चालल्या, ते दागिने म्हणजे मोठमोठ्या कॉलरी, मान आणि खांदे झाकून टाकणाऱ्या, गळ्यातलं म्हणावं की कपडे म्हणावेत कळू नये अशा. बाकरचा त्याच वर्षीचा एक हार तर शेगडीच्या धुराड्याच्या पाइपासारखा आहे. ॲल्युमिनियमचा पाइप, गळ्याभोवती. फोटोत तो हार घातलेली बाई मान ताठ ठेवून समोर बघतेय, दुसरं काही करणं तिला शक्यच नाही, आणि त्या ताठपणामुळे ती स्वतःच एक खांब झाल्यासारखी दिसते.

पण बाकरचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं काम १९७३ चं आहे, 'शॅडो ज्वेलरी', सावलीचे दागिने. सोन्याची बारीक तार दंडाला किंवा कमरेला घट्ट बांधायची, थोड्या वेळाने काढून टाकायची, आणि कातडीवर जो वळ उठतो तो दागिना. तार नव्हे, वळ. काही वेळात तोही जाणार. मी याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या आत्याचा पाय डोळ्यासमोर आला, लग्नात घातलेले तोडे तिने म्हातारपणी काढले तरी घोट्याच्या वर कातडी गुळगुळीत, जरा फिकट, आत दबलेली, तोडे नसून असल्यासारखी. गावाकडे बायकांच्या कानाच्या पाळ्या बघा, नाकातलं नथीचं भोक बघा, जोडव्यांनी बारीक झालेलं पायाचं बोट बघा. आपण म्हणतो दागिने बाईने घातले, पण तेही इतकी वर्षं तिला घडवत असतात, आणि हे दुखत असतं, कुणी बोलत नाही म्हणून दुखत नाही असं नाही. बाकरने त्या वळाकडे बोट दाखवलं म्हणून मला तो माणूस आवडतो. ऑस्ट्रियाचा पीटर स्कुबिक त्याच्याही पुढे गेला, १९७५ साली त्याने डॉक्टरकडून स्टीलची पट्टी हाताच्या कातडीखाली बसवून घेतली आणि सात वर्षांनी काढली. तिथपर्यंत मी जात नाही. जो दागिना ना घालणाऱ्याला चाचपता येतो ना बघणाऱ्याला दिसतो, त्यात मला फक्त कल्पना उरलेली दिसते, आणि नुसती कल्पना अंगावर घालता येत नाही.

आर्ट स्मिथचं म्हणणं मला जास्त पटतं. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये दुकान असलेला हा कृष्णवर्णीय कारागीर, नर्तकांसाठी मोठमोठे, दंडावरून छातीवर येणारे तांब्यापितळेचे दागिने करायचा. त्याचं म्हणणं असं की दागिना एकटा अपुराच असतो, तो शरीराशी जोडला जात नाही तोवर 'हे आहे तरी काय' एवढाच प्रश्न असतो. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. नथ घ्या आणि टेबलावर ठेवा. कुठल्याही बाजूने ठेवा, ती कलंडते, तिला वर-खाली नाही, समोर-मागे नाही, मोत्यांचं एक वाकडं झुबकं आणि एक तार. आता तीच नाकात घाला. झटक्यात सगळं जागेवर येतं, तो बाक ओठाच्या वळणाशी जुळतो, मोती गालाकडे झुकतात, आणि बाजूने बघितलं तर चेहऱ्याला एक नवीनच रेघ मिळालेली असते. आपल्याकडच्या दागिन्यांना आपण परंपरा म्हणून नमस्कार करतो आणि बघायचं सोडून देतो, पण ज्याने पहिल्यांदा नथ घडवली त्याला चेहरा हा शिल्पाचा अर्धा भाग आहे हे पक्कं माहीत होतं. बुगडीचंही तसंच, कानाच्या वरच्या कडेला, जिथे कुणी बघत नाही तिथे. वाकीचंही, दंडाच्या गोलाईवर. प्रत्येकीला आपली जागा ठाऊक.

याच्या अगदी उलट टोकाला मोठ्या हिऱ्यांची दुनिया आहे आणि तिथेही आपला एक माणूस होता. म्हापशात जन्मलेले, मुंबईच्या जेजेत शिकलेले अंबाजी शिंदे, न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या हिऱ्यांच्या पेढीसाठी त्यांनी कित्येक वर्षं डिझाइन्स केली. तिथे खडा राजा, धातू जितका लपेल तितका चांगला, आणि त्यांची रंगवलेली चित्रं बघाल तर एकेका हिऱ्याचा पैलू कागदावर चमकतो. तो हात थोर होता यात शंकाच नाही. पण त्या दागिन्यांची बातमी येते तेव्हा आकडा कॅरेटचा येतो, शिंदे हे नाव येतं ते जाणकारांच्या बोलण्यात.

आता क्युन्त्सलीकडे परत येते, कारण त्याचं दुसरं एक काम मला झोपू देत नाही. १९८५-८६ ची 'साखळी'. त्याने पेपरात जाहिरात देऊन लोकांच्या वापरलेल्या लग्नाच्या अंगठ्या विकत घेतल्या, १८८१ पासून १९८१ पर्यंतच्या, अशा ४८ अंगठ्या, आणि त्या एकमेकींत अडकवून गळ्यातली साखळी केली. बाकी काही केलं नाही. न वितळवल्या, न घासल्या. बघायला ती साधी जाडसर सोन्याची साखळी आहे, आपल्याकडे लग्नात सहज घालतील अशी. पण एकदा कळलं की ती कशाची आहे, की मग हात पुढे होत नाही. कुणी मेलं म्हणून आलेल्या अंगठ्या, कुणी सोडून गेलं म्हणून, कुणाला पैसे हवे होते म्हणून. वजनाने तिची किंमत लगेच निघेल, आणि त्या किमतीला काही अर्थ उरलेला नसेल. मुशीत टाकल्या असत्या तर त्या ४८ जणांचं सगळं पुसलं गेलं असतं आणि सोनं पुन्हा कोरं झालं असतं, निर्दोष, कुणाचंही व्हायला तयार. आपल्याकडे नेमकं हेच करतात. गेलेल्या बाईचं मंगळसूत्र कुणी तसंच घालत नाही, मोडून नवीन करतात. मला आधी वाटायचं ही नुसती रीत आहे, आता वाटतं की जाळात घातल्याशिवाय दुसऱ्याचं दुःख अंगावर घेता येत नाही हे त्या रीतीला कळलेलं असावं. क्युन्त्सलीने तो जाळच नाकारला.

पण इथे मला या युरोपातल्या मंडळींशी थोडं भांडायचंय. सोनं आंधळं करतं, बरोबर. सोन्याने नवऱ्याची ऐपत मिरवली जाते, तेही बरोबर. पण हे म्हणायला पाठीशी पेन्शन लागते, दवाखान्याचा विमा लागतो, बाईच्या नावावर घर लागतं. माझ्या आजीच्या पिढीत बाईच्या नावावर सातबारा नव्हता, बँकेत खातं नव्हतं, महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने वाटा मिळाला तो १९९४ च्या कायद्याने आणि देशभर २००५ मध्ये. तोवर जे काही तिचं म्हणून होतं ते तिच्या अंगावर होतं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडच्या किती घरांत पाटल्या सावकाराकडे गेल्या आणि त्यावर चूल पेटली, मुलांच्या फिया भरल्या गेल्या, बाळंतपणं झाली. त्या बायकांना सोन्याने आंधळं केलेलं नव्हतं, त्यांना स्वच्छ दिसत होतं की पावसाचा, नवऱ्याचा, दिराचा भरवसा नाही आणि याचा आहे. मोडता येणं हाच त्या दागिन्याचा गुण होता. ॲल्युमिनियमच्या कॉलरने कुणाचं ऑपरेशन झालं नसतं. हे मी म्युनिकमध्ये एकदा गप्पांत बोलले तेव्हा समोरची दागिने करणारी बाई बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, युद्ध संपल्यावर माझ्या आजीनेही अंगठी देऊन बटाटे आणले होते.

तरीसुद्धा. आमच्या पणजीचे गोठ होते, मनगटाला भरीव, पुढे वाघाची तोंडं असलेले, असं म्हणतात. म्हणतात, कारण मी ते पाहिले नाहीत, माझ्या जन्माआधीच ते मोडून त्यात तीन मुलींच्या बांगड्या झाल्या. स्टुडिओतला एक फोटो आहे, पणजी खुर्चीत, हात मांडीवर, आणि मनगटावर ते गोठ. मी तो फोटो स्कॅन करून मोठा करून बघितलाय. वाघाचे कान दिसतात. एका तोंडाचा जबडा दुसऱ्यापेक्षा किंचित उघडा आहे, साच्यातून काढलेले असते तर सारखे आले असते, म्हणजे कुणीतरी हाताने, एकेक, ठोकून केलेत. सोनं तसंच घरात राहिलं, वाटलं गेलं, कामाला आलं, त्याबद्दल मला तक्रार नाही. पण तो किंचित उघडा जबडा गेला तो गेलाच, आणि जाताना कुणाला आपण काही घालवतोय असं वाटलंच नाही, इतका त्याचा हिशेब आपल्याकडे शून्य आहे.

आणि तो जबडा कुणी केला हेही कुणाला माहीत नाही. ट्राममध्ये कोटावरच्या ब्रोचकडे बघून पहिला प्रश्न असतो, कुणाचा आहे? म्हणजे केलाय कुणी. आपल्याकडे लग्नात पहिला प्रश्न असतो किती तोळ्याचा, आणि दुसरा कुठल्या पेढीचा. आता तर बहुतेक नव्या दागिन्यांवर हॉलमार्क असतो, बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता, आणि २०२१ पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, तो नंबर ॲपमध्ये टाकला की कुठल्या जवाहिऱ्याचा, कुठल्या केंद्रात तपासला, सगळं निघतं. फार चांगली सोय आहे, फसवणूक कमी झाली. पण ज्या माणसाने वाकून बसून ती ठुशी विणली, त्याचं नाव त्या सहा आकड्यांत नाही. तो गुजरीतल्या मागच्या खोलीत असेल, कोल्हापूरजवळच्या हुपरीत असेल, बंगालमधून येऊन राहिलेला असेल, आपल्या पेठांमध्ये बंगाली कारागीर केवढे आहेत हे सगळ्यांनाच माहितीय.

म्हणून मी आता गावी गेले आणि काही घेतलं की पेढीवर विचारते, हे केलं कुणी. काउंटरवरचा मुलगा आधी मालकाचं नाव सांगतो. मी म्हणते, मालकांचं नको, ज्याने हाताने केलं त्याचं सांगा. मग तो आत आवाज देतो, आतून दुसरा कुणीतरी वर माडीवर विचारून येतो, आणि एकदा तर तो कारागीर स्वतःच खाली आला, हात पुसत, काही बिघडलं का म्हणून काळजीत. मी त्याला फासा दाखवायला सांगितला, त्याने बुगडीची फिरकी उलटी करून आटा कसा पाडलाय ते दाखवलं, डाग कुठे लपवलाय ते दाखवलं, आणि म्हणाला ही बाजू कुणी बघत नाही ताई. मी पावतीच्या मागे त्याचं नाव त्याच्याच हाताने लिहून घेतलं. अशा पावत्यांची एक फाईल केलीय, तिच्यावर घरातल्या मुलींसाठी सूचना आहे, गरज पडली तर सोनं खुशाल मोडा, पण मोडायच्या आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि हे नाव त्याला जोडा.